वाणी राखणारे उपचार

घशाच्या कर्करोगाचा विषय निघाला की आपल्या घरांत बोलणाऱ्याचा आवाज अजूनही खाली येतो. या रोगाचे भय दुहेरी आहे : प्राण जाण्याचे आणि वाणी जाण्याचे. भाषासमितीचा संस्कार झालेल्या माणसाला स्वेच्छेने धरलेले मौन आणि रोगाने लादलेले मौन यांतील अंतर सांगावे लागत नाही.

१८८८ साली जर्मनीचा सम्राट तिसरा फ्रेडरिक सिंहासनावर आला, तेव्हा त्याच्या श्वासनलिकेत नळी बसवलेली होती. साम्राज्याचा धनी चिठ्ठ्या लिहून संवाद साधत होता. त्याची कारकीर्द ९९ दिवसांची ठरली. त्यापूर्वी, १८७३ मध्ये, व्हिएन्नाच्या बिलरोथ यांनी कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली होती. बळावलेल्या रोगावर पुढे शंभर वर्षे मुख्य आधार तिचाच राहिला. रोगी वाचे, परंतु मानेवरील छिद्रातून श्वास घेत.

१९९१ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून ३३२ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटावर शस्त्रक्रिया व किरणोपचार, तर दुसऱ्यावर आधी केमोथेरपी आणि मग किरणोपचार झाले. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांतील ६८ टक्के रोगी हयात होते. मात्र दुसऱ्या गटातील ६४ टक्क्यांचे स्वरयंत्रही शाबूत होते. २००३ च्या अभ्यासात औषध व किरण एकाच वेळी दिल्यावर हे प्रमाण ८८ टक्क्यांवर गेले. अर्थात, राहिलेले स्वरयंत्र चालतेच असे नाही. काहींना घास गिळता येत नाही, तोंड कोरडे पडते. खात्यावर शिल्लक दिसावी आणि रक्कम काढता येऊ नये, तसे ते आहे. म्हणून रोगाने कूर्चा पोखरली असेल तर डॉक्टर आजही शस्त्रक्रियाच सुचवतात, आणि ते योग्यच आहे.

माझ्यासारख्या हिशेबी माणसाला सर्वांत मोलाचे वाटले ते मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे काम. डोके व मानेचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या रोग्यांना तेथे नेहमीच्या औषधांसोबत निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारे औषध दिले गेले, तेही तीन आठवड्यांतून केवळ २० मिलिग्रॅम. प्रचलित मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम आहे! वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रेचा खर्च ज्यांच्या स्वप्नातही बसत नाही, त्यांच्यासाठी हे संशोधन आहे.

आपल्या न्यासांची उदारता मोठी आहे, पण ती बहुधा इमारतीकडे आणि संगमरवरी पाटीकडे वळते. गिळण्याचे व बोलण्याचे प्रशिक्षण, कृत्रिम स्वरझडप, गावाकडून आलेल्या रोग्याचे सहा-सात आठवड्यांचे मुंबईतील वास्तव्य, यांवर पाटी लावता येत नाही. आणि एक अप्रिय गोष्ट : आपल्यातील काही घरांची मिळकत तंबाखू-सुपारीच्या व्यापारातून येते. त्या पैशातून कर्करोग रुग्णालयास देणगी देताना हिशेब जुळला असे मानणे मला तरी जमत नाही.

स्वररज्जूंचा रोग आरंभीच सापडला तर दहापैकी आठ-नऊ जण बरे होतात. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्याचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक घोगरा राहिला, तर काढे पुरे करावेत. पर्युषणात आपण आरोग्य शिबिरे भरवतो, रक्तदाब आणि साखर तपासतो. यंदा तेथे कान-नाक-घसा तज्ज्ञांनाही बोलवावे. दुर्बिणीने घसा पाहायला फार तर पाच मिनिटे लागतात.