वाचवलेला दिवस

आमच्याकडे सहलीची आखणी सुरू झाली, की घरातला कोणी तरी शहाणा माणूस पहिले वाक्य उच्चारतो ते असे : "रात्री निघू या, म्हणजे एक दिवस वाचेल." या वाक्याला कोणी हरकत घेतल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. जणू गणितातला सिद्धान्तच तो! आणि आता तर भाड्याने मिळणाऱ्या घरगाड्या आल्या आहेत. आत झोपावयास गाद्या, चहापुरती शेगडी, मागे न्हाणीघर. कॅम्पर म्हणतात, कॅरॅव्हॅनही म्हणतात. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणच जाहीर केले, तेव्हा या प्रकाराला आता राजमान्यताही आहे. या घरगाडीने त्या शहाण्या वाक्याला शेवटचा टेकू दिला. रात्रभर गाडी हाकावी, उजाडता उजाडता समुद्रकाठी उभी करावी, पडदे ओढून दिवसा आत झोपावे, आणि दिवेलागणीला पुन्हा पुढच्या गावाचा रस्ता धरावा. मुक्कामाचे भाडे वाचले, रस्ता मोकळा मिळाला, दिवस वाचला.

मला या प्रघाताविरुद्ध बोलावयाचे आहे, आणि मऊपणाने बोलावयाचे नाही. दिवस वाचतो म्हणजे नेमके काय होते, हे एकदा मोजून पाहिले पाहिजे.

रात्री दहाला मुंबईहून निघणारा गृहस्थ सकाळी सहाला उठलेला असतो. दिवसभर कचेरी करतो, संध्याकाळी सामान बांधतो, घाईने जेवतो आणि चाकामागे बसतो. रात्री अकराला, म्हणजे पनवेल मागे पडते न पडते तोच, त्याच्या जागेपणाला सतरा तास भरतात. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या दोघा संशोधकांनी १९९७ साली माणसे जागी ठेवून त्यांच्या हातांची आणि नजरेची परीक्षा घेतली. सलग सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे त्यांना आढळले. चोवीस तासांनंतर तर हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. आपल्या मोटार वाहन कायद्याने मद्याची मर्यादा घातली आहे तीस मिलिग्रॅमची. म्हणजे ज्या माणसाला त्याच्या बायकोने दोन पेले प्यालेला पाहिले असते, तर गाडीला हात लावू दिला नसता, त्याच अवस्थेतल्या माणसाच्या हाती ती आपली दोन्ही मुले देते आणि मागच्या गादीवर निर्धास्त झोपी जाते. दारूचा वास येतो. झोपेला वास नाही, एवढाच काय तो फरक.

"मी चहा घेतो, मला काही होत नाही." हे दुसरे शहाणे वाक्य. चहाने, गाण्याने, काच खाली करून तोंडावर घेतलेल्या वाऱ्याने घटकाभर हुशारी वाटते, हे खरे. परंतु शरीराच्या आत एक घड्याळ आहे आणि ते चहा पीत नाही. या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी ती फळमाशीत शोधली. माशीलाही जे पाळावे लागते, ते आम्हाला लागू नाही असे आम्ही धरून चालतो! रात्री दोननंतर पहाटेपर्यंत हे घड्याळ माणसाला खाली ओढत असते. त्या वेळी डोळे उघडे असतानाही मेंदू तीन-चार सेकंद मिटतो आणि मिटला होता हे मालकाला कळतही नाही. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी नव्वद मीटरच्या आसपास जाते. गाडीच्या साध्या दिव्याचा उजेड तेवढ्या अंतरावर धड पोचत नाही.

आणि त्या उजेडापलीकडे काय असते? सहलींचा हंगाम आणि उसाचा हंगाम आपल्याकडे एकच. दिवाळीनंतर पुढे तीन-चार महिने घाटमाथ्यावरच्या रस्त्यांवरून ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे चाललेला असतो. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, लाल पट्टीही नसते, असतात ती लोंबणारी वाढी. बंद पडलेला ट्रक रस्त्यातच उभा असतो आणि त्याच्या इशाऱ्यासाठी मागे चार दगड आणि झाडाची एक फांदी. दिवसा ती फांदी दोन फर्लांगांवरून दिसते. "रात्री रस्ता मोकळा असतो" असे म्हणणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे, की अनेक शहरांत दिवसा अवजड वाहनांना मज्जाव असतो आणि म्हणून ती सारी रात्रीच रस्त्यावर उतरतात. मोकळा असतो तो रिक्षांपासून!

८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकजवळ यवतमाळहून मुंबईला निघालेली बस ट्रकवर आदळून पेटली, बारा माणसे गेली, वेळ पहाटेची. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे जाणारी बस उलटून पेटली, पंचवीस माणसे गेली. वेळ रात्री दीडच्या सुमाराची. त्याच वर्षी ऑक्टोबरात वैजापूरजवळ, सैलानीबाबांचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या यात्रेकरूंची छोटी गाडी ट्रकवर आदळली, बारा माणसे गेली, वेळ मध्यरात्रीनंतरची. टायर फुटला की नाही, ट्रक कोणी थांबवला होता, चालक शुद्धीत होता की नाही, याचे वाद झाले आणि होतील. वेळेबद्दल मात्र कोणाचाच वाद नाही, आणि म्हणूनच की काय, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

यावर मला हमखास ऐकविले जाते, की आपले वाडवडील रात्रीच प्रवास करीत. खरे आहे. उन्हाळ्यात बैलांना ऊन लागू नये म्हणून चांदण्यात गाड्या जुंपीत. पण बैलगाडीत गाडीवान झोपला तरी बैल जागे असत आणि त्यांना घरची वाट ठाऊक असे. गाडीवान घोरत दारात पोचल्याच्या गोष्टी खेडोपाडी ऐकावयास मिळतात. मोटारीला दोनशे घोड्यांचे बळ असेल, पण त्यांतल्या एकाही घोड्याला डोळे नाहीत. आणि वाडवडिलांचेच उदाहरण हवे असेल तर पालखीचे घ्या. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते ती सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण असे ठरलेले मुक्काम करीत. लाखो माणसांचा तो मेळा रात्री पाठ टेकतो. रात्रीही चालत राहिलो तर चार दिवस वाचतील, हा हिशेब वारकऱ्यांना येत नव्हता असे कोणाला वाटते काय?

बरे, दिवसा झोप काढून रात्रीची भरपाई होते, हे तरी खरे आहे का? रात्रपाळी करणाऱ्या कोणत्याही गिरणी कामगाराला, परिचारिकेला विचारा. दिवसाची झोप तुटकी आणि तोकडीच असते; ते आतले घड्याळ आता उठवावयास बसलेले असते. त्यात घरगाडी म्हणजे पत्र्याची पेटी. एप्रिलमध्ये मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी दहानंतर तिच्यात झोपणे म्हणजे भाकरीने तव्यावर विश्रांती घेण्यासारखे आहे. वातानुकूलन यंत्र लावावे तर इंजिन चालू ठेवा किंवा विजेची जोडणी शोधा. पोरे बाहेर वाळूत जाण्यासाठी दार वाजवीत असतात. म्हणजे ज्या समुद्रासाठी पाचशे किलोमीटर आलो, त्याच्याकडे पाठ करून, पडदा ओढून, घामाघूम होऊन अर्धवट झोपावयाचे, आणि अंधार पडल्यावर पुन्हा चाकामागे बसावयाचे. याला दिवस वाचविणे म्हणतात!

आणि हे स्वतः गाडी हाकणाऱ्याचे झाले. भाड्याच्या चालकाचे काय? घरगाडीच्या जाहिरातीत चार जणांच्या गाद्या दाखवितात, सहांच्या दाखवितात. चालकाची गादी मी कोणत्याही जाहिरातीत पाहिलेली नाही. रात्रभर त्याने गाडी हाकली. सकाळी मंडळी झोपली तेव्हा त्याने पाणी भरले, काचा पुसल्या, आणि मग पुढच्या आसनावर गुडघे पोटाशी घेऊन पडला. अकरा वाजता कोणी तरी उठून म्हणाले, "दादा, जरा बाजारात सोडा." रात्रीचा भत्ता दिला की ही झोप विकत घेतली असे आम्ही समजतो. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, असे त्यात लिहिले होते. पुढे २०२० च्या संहितेत तो सामावला गेला. पण एकट्या चालकाचे तास मोजावयास पहाटे तीनला घाटात कोण उभे असते? तेथे मोजणारे फक्त प्रवासीच असतात, आणि ते झोपलेले असतात.

एकदा आमच्या शाळेची सहल गणपतीपुळ्याला निघाली होती. डिसेंबर महिना, मुले बेचाळीस, प्रस्थान रात्री नऊला. मी चालकाशेजारी बसलो होतो. दोनदा त्याने मान झटकलेली पाहिली तेव्हा विचारले, "दादा, झोप कधी झाली?" तो हसला. "परवा झाली की गुरुजी. काल सोलापूरचं वऱ्हाड होतं." मालकाने वऱ्हाड उतरवून, गाडी धुऊन, तशीच शाळेच्या दारात पाठविली होती. मलकापूरजवळ एका पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवावयास लावली. तो नको म्हणत होता, मालक ओरडेल म्हणत होता. शेवटी दोन आसनांमधल्या वाटेत त्याने घोंगडी अंथरली आणि पुढच्या क्षणाला तो घोरू लागला. साडेबारा ते सहा आम्ही तेथेच होतो. माझे सहकारी नाराज झाले, मालकाने दूरध्वनीवरून मला माझी पायरी दाखविली, आणि परतल्यावर दोन पालक तक्रार घेऊन आले, की जयगड पाहावयाचे राहिले.

पण आंबा घाट आम्ही उजाडताना उतरलो. वर्षभर मी फळ्यावर सह्याद्रीचा पश्चिम उतार काढीत आलो आहे. मुलांना तो कधी कळला असे मला वाटत नाही. त्या सकाळी धुके फाटले आणि खालचे कोकण एकदम दिसले, तेव्हा मागच्या बाकावरचा, कधी तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहून ओरडला, "सर, पुढं जमीनच न्हाई!" साखरप्याकडे माती तांबडी झाली ती मुलांनी स्वतः ओळखली. अंधारात उतरलो असतो तर हे सारे बेचाळीस मिटलेल्या डोळ्यांखालून गेले असते.

मुंबईहून मालवणला रात्रीतून जाणाऱ्याचे असेच होते. वाशिष्ठी, परशुरामाचा घाट, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण यांतले त्याला काहीही दिसत नाही; त्याला दिसते ते पुढच्या ट्रकचे ढुंगण. गोडसे भटजी वरसईहून निघून १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत पोचले आणि परत येऊन प्रवासाचे पुस्तक लिहू शकले. दिवसा चालले आणि रात्री मिळेल त्या ओसरीवर निजले, म्हणून पाहिले. आमच्या घरगाडीवाल्याला परत आल्यावर सांगण्यासारखे एकच असते : किती तासांत पोचलो.

रातराणीने जाणाऱ्याविरुद्ध माझा शब्द नाही. सकाळी मुलाखत असलेला मुलगा, टाटा रुग्णालयात तारीख मिळालेला रोगी, रजा न मिळणारा कामगार, यांना रात्र घ्यावीच लागते. त्यांच्यासाठी दोन चालक आणि आगारात ढेकणांवाचून एक खाट मागावी, ती मागणी वेगळी आणि रास्त आहे. माझे भांडण आहे ते हौसेखातर निघणाऱ्याशी. त्याने सहाला उठावे, सहाला निघावे, अंधार पडला की थांबावे. चार दिवसांच्या सहलीत दोन गावे कमी होतील, ती होऊ द्यावीत. आणि घरगाडी भाड्याने घेताना शेगडी किती चुलींची आहे हे विचारण्याआधी मालकाला दोन प्रश्न विचारावेत : हा चालक काल कोठे होता, आणि आज रात्री तो कोठे झोपणार आहे. दुसऱ्या प्रश्नाला मालक बहुधा हसेल. मग दुसरी गाडी बघावी.