चिठ्ठी हातात पडली की लगेच उठू नका

आपल्या भागातील सर्व रुग्णांस व त्यांच्या नातेवाइकांस,

मी औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट. पण आजची विनंती दवाखान्यात करायच्या गोष्टीबद्दल आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे सरकवली की आपण ती खिशात घालतो, फी देतो आणि उठतो. तसं करू नका. तिथेच बसून ती वाचा. वाचता आली नाही, तर लिहिणाऱ्यालाच विचारा. आमच्या काउंटरवर येऊन विचारलंत, तर अंदाजाचं उत्तर मिळायची भीती असते.

चिठ्ठीत काय असावं, हे कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 यांतल्या नियम 65 प्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा, औषध एकूण किती द्यायचं आणि एका वेळी किती घ्यायचं हेही हवं. घरातली एखादी जुनी चिठ्ठी काढून बघा. पत्ता बहुधा नसेलच. एकूण गोळ्या किती, हे तर क्वचितच लिहिलेलं असतं. ‘पाच दिवस’ असं असेल तर आम्ही हिशेब करतो, तेही नसेल तर गिऱ्हाईक म्हणतं, “द्या एक पट्टी.” मग उरलेल्या चार गोळ्या पुढच्या महिन्यात घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या तापावर खपतात.

डॉक्टरांच्या अक्षरावर विनोद पुष्कळ झाले. पण ऑगस्ट 2025 मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने, वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं म्हटलं. त्याआधी 2016 मध्येच मेडिकल कौन्सिलच्या नियमांत दुरुस्ती होऊन, औषध जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं ठरलं होतं. नावं तरी किती सारखी असावीत! मलेरियावरच्या फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या दोन नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. औषधाच्या नावातला घोटाळा जिवावर बेतू शकतो आणि शिकलेल्या डॉक्टर-फार्मासिस्टांच्या हातूनही चुका होतात, म्हणून इथे कसोटी जास्त कडक हवी, असं न्यायालयाने 2001 मध्ये बजावलं.

जेनेरिक नावाचा आग्रह तुमच्या खिशासाठीही धरा. “हेच औषध स्वस्त कंपनीचं द्या,” असं रोज कुणीतरी म्हणतं. मागणी रास्त आहे. पण शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधाचा ब्रँड चिठ्ठीत लिहिलेला असेल, तर त्याच्या जागी दुसरा ब्रँड द्यायला नियमाने आम्हाला मनाई आहे, आतलं औषध तेच असलं तरी. नियम सर्रास मोडला जातो, हेही खरं. डॉक्टरांनी मूळ औषधाचं नाव लिहिलं, तर निवड उघडपणे तुमच्या हातात येते. म्हणून शब्द टाकायचा तो डॉक्टरांपाशी.

बीपी-शुगरवाल्यांचा राग मला ठाऊक आहे. “दर महिन्याला कसली चिठ्ठी मागता?” नियम असा की डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच देता येतं. चिठ्ठीवर आम्ही शिक्का आणि तारीख टाकतो ती त्यासाठी. तेव्हा ‘दर महिन्याला, सहा महिने’ असं डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. दोन ओळींचं काम आहे.

काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं आणि सवय लावणाऱ्या काही गोळ्या 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. ती देताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, तुमचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं सांभाळावं लागतं. नाव विचारलं की ती चौकशी वाटू देऊ नका.

रुग्णाला न तपासता चिठ्ठी देणं एरवी योग्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं. पुढे 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी व्हिडिओवरून किंवा फोनवरून सल्ल्याला मर्यादित वाट दिली. शेड्यूल एक्समधली, म्हणजे आणखी कडक नियंत्रणाखालची, औषधं मात्र तिच्याबाहेरच ठेवली. पुतण्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं गोळीचं नाव म्हणजे चिठ्ठी नव्हे. डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांकही वाचत जा. मुंबईतल्या एका प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी अॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. ते वागणं हाच निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ठरवलं. कोणत्या पॅथीने काय लिहावं हा वाद आपल्याकडे अजून चालूच आहे. त्यात मी पडत नाही.

आता आमच्याकडे बघा. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं, असं फार्मसी कायदा, 1948 सांगतो. काउंटरवर नुसता पोऱ्या असेल, तर फार्मासिस्ट कुठे आहे हे विचारा. माझ्या दुकानातही विचारा.

आपला,
एक फार्मासिस्ट