माझ्या हेडिंगचा हिशेब

ही पोस्ट डॉक्टरांची बाजू घेणारी वाटेल. वाटू दे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच गावात एका दवाखान्यात इंजेक्शननंतर दहा मिनिटांत पेशंट गेला. काचा फुटल्या, डॉक्टरांना मारहाण झाली. मी बातमी दिली, 'चुकीच्या इंजेक्शनने तरुणाचा बळी'. 'नातेवाइकांचा आरोप' हे शब्द खाली, बारीक टायपात. शवविच्छेदनाचा अहवाल काही आठवड्यांनी आला: हार्ट अटॅक. ती बातमी मी दिलीच नाही. शिळी झाली होती म्हणे!

कायदा आहे की. 2010 चा. डॉक्टरवर हल्ला केला तर अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, मोडतोडीची दुप्पट भरपाई. प्रत्यक्षात काय झालं? चार पुढारी बसले, चहा झाला, तक्रार मागे. डॉक्टरांना याच गावात राहायचं होतं ना. दुसरीकडे, स्वतंत्र डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय हलगर्जीपणाच्या तक्रारीवर पुढे जाऊ नका, सरसकट अटक करू नका, असं सुप्रीम कोर्टाने 2005 मध्येच पोलिसांना सांगितलंय. पोलिसांना थांबायला सांगितलं, आम्ही मात्र त्याच रात्री निकाल देऊन मोकळे.

गेल्या महिन्यात रात्री अकराला वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. त्याच डॉक्टरांचं दार वाजवलं. त्यांनी ईसीजी काढला, गोळ्या दिल्या, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "जिल्ह्याला न्या. मी आता रात्री सिरियस पेशंट ठेवून घेत नाही." टोमणा नव्हता त्यात. साठ किलोमीटर, त्यात घाट. वडील वाचले. पण त्या दीड तासात मला माझं हेडिंग शब्दन् शब्द आठवत होतं.

डॉक्टर सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. कट प्रॅक्टिस कोणाला माहीत नाही? पक्कं बिल मागितलं की चेहरे बदलतात, आणि आत काय चाललंय हे बाहेर बसलेल्या माणसांना कोणी धड सांगत नाही. निम्मी भांडणं तिथेच पेटतात. त्यावर लिहीनच, सोडणार नाही.

पण यापुढे अहवाल किंवा तज्ज्ञाचं मत हातात आल्याशिवाय डॉक्टरचं नाव आणि 'बळी' हा शब्द माझ्या बातमीत येणार नाही. आणि अहवाल आला की तो त्याच पानावर, तेवढ्याच टायपात लागावा, असं डेस्कला कळवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.