थळघाटाकडे पाठ

फाल्गुन लागला, की नाशिकच्या सुशिक्षित घरांतून प्रवासाचे बेत शिजू लागतात. मुलांच्या परीक्षा कधी संपतात हे पाहिले जाते, रजेचे दिवस मोजले जातात, आणि मग प्रश्न निघतो तो हा, की डोंगरातली आगगाडी पाहावयाची, तर ती कोणती? कोणी सिमल्याचे नाव घेतो, कोणी दार्जिलिंगचे. ज्यांच्या गाठी पैसा अधिक, ते थेट आल्प्सपर्यंत पोहोचतात. नाशिकरोडहून तासाभरात ज्याच्या माथ्यावर जाता येते, त्या थळघाटाचे नाव मात्र या यादीत कोणी घालीत नाही.

दूरच्या डोंगरांवर आमचा राग नाही. कालका-सिमला मार्ग १९०३ साली खुला झाला; ९६ किलोमीटरांच्या वाटेवर त्याने १०२ बोगदे कोरले. दार्जिलिंगच्या गाडीस १९९९ मध्ये व सिमल्याच्या मार्गास २००८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तो योग्यच होय. आमचा आक्षेप पाहणाऱ्याच्या वृत्तीवर आहे. जे दृश्य पाहावयास आपण हजार कोस जातो आणि तेथे खिडकीसाठी भावंडांशी भांडतो, तेच दृश्य घरच्या वाटेवर आले म्हणजे आपण पडदा ओढून डुलक्या घेतो. ही अरसिकता नव्हे तर काय?

थळघाट म्हणजे काही खेळण्यातल्या गाडीची वाट नव्हे. १८६५ साली कसारा ते इगतपुरी हा मार्ग सुरू झाला. सुमारे १५ किलोमीटरांत गाडी सुमारे ३०० मीटर वर चढते, आणि जेथे चढण सर्वांत तीव्र तेथे ३७ फुटांमागे १ फूट असे तिचे प्रमाण आहे. सिमल्याची गाडी अरुंद रुळांवरून चार-सहा हलके डबे घेऊन वळणे काढीत जाते; येथे रुंद रुळांवरची वीस-बावीस डब्यांची अवजड गाडी हाच उद्योग रोज करते. वर येणारी गाडी कसाऱ्यास थांबली, की डब्यातून ‘झाला उशीर!’ असा उद्गार हमखास निघतो. ती थांबते पाठीमागून रेटा देणारी इंजिने जोडून घेण्यासाठी. पण एवढे मुलांस समजावून सांगणारा बाप आम्हांस क्वचितच भेटला. उतरणीवर गाडी हातची सुटली तर तिला अडवून धरण्यासाठी चढाचे आडमार्ग बांधून ठेवले आहेत, हे तर बहुतेकांच्या गावीही नसते.

आणि ही वाट कोणी बांधली? थळघाट व बोरघाट या दोहोंची आखणी जेम्स जॉन बर्कले या इंजिनिअराची. १८६२ साली तो वारला. दोन्ही घाटांतून धावणारी गाडी पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. परंतु सुरुंग लावणारे आणि दगड वाहणारे हात होते ते इथल्या मजुरांचे. पटकीने आणि तापाने त्यांचे तळच्या तळ ओस पडले. त्यांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. त्याही पूर्वी कोकणातील बंदरांचा माल याच बाजूने देशावर येत असे. आमच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या लेखात गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे नाशिकचा परिसर आणि सोपारा, ही नावे शेजारी शेजारी येतात, यात नवल ते कसले?

यावर एक ठरलेले उत्तर असते: ‘घाट पाहावा तो पावसाळ्यात, फाल्गुनात तेथे काय आहे?’ हे मत आम्हांस मुळीच मान्य नाही. आषाढात घाटात असते ते धुके, आणि काचेवरून ओघळणारे पाणी. धबधबे सुंदर खरेच. पण सह्याद्रीची घडण पाहावयाची तर ती हिरवा शालू उतरल्यावरच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थिजलेले लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे मोकळे दिसतात ते आताच. उतारांवर पळस पेटलेला असतो, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले मिरवीत असतात. मध्येच शेतांत काळे चौकोन दिसतात. ते राब भाजल्याचे. येत्या पावसाची भातरोपे त्या राखेत उगवावयाची असतात. आमच्या मुलांनी भाताचे ‘जीवनचक्र’ पाठ केलेले असते. राब मात्र त्यांनी पाहिलेला नसतो!

दुसरी ओरड काचेच्या छताच्या डब्याची. पुण्याच्या वाटेवर २०२१ मध्ये तसा डबा आला, तेव्हापासून तो नसेल तर घाट पाहताच येत नाही, असे काहींना वाटू लागले आहे. साधी खिडकी पुरते. तिच्यातून पाहणारा जागा असला म्हणजे झाले. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-शिर्डी वंदे भारत मागे इंजिन न लावता हाच घाट चढते. ती उत्तम गाडी आहे, परंतु जो पाहावयास निघाला आहे त्याने घाई करणारी गाडी का निवडावी?

मोटारीने जाणाऱ्यांची तर आता निराळीच सोय झाली आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, आणि सुमारे ८ किलोमीटरांच्या बोगद्यातून मोटार डोंगराच्या पोटातून निघून जाते. वेळ वाचतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या वाटेने वाढणाऱ्या नाशिकच्या मुलास घाट म्हणजे दिव्यांची एक रांग, एवढेच ठाऊक राहील.

तेव्हा यंदा सिमल्याची तिकिटे काढण्यापूर्वी एक रविवार येथे खर्च करावा. रंगपंचमीच्या रहाडींचा रंग अंगावरून उतरला, की सकाळच्या गाडीने कल्याणपर्यंत जावे. शिदोरी घरची न्यावी. मोबाइल पिशवीत ठेवावेत आणि एहेगावचा उंच पूल येईतो कोणी झोपू नये. परतीची गाडी मात्र दिवसाउजेडी घाट चढणारी निवडावी, आणि कसाऱ्यास ती थांबली म्हणजे घड्याळाकडे न पाहता मुलांना घेऊन फलाटाच्या मागल्या टोकाकडे पाहावे.