अनोळखी प्रेताची कादंबरी

पावसाळ्यात ताम्हिणीचा घाट उतरताना धबधब्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. याच घाटाच्या दरीत प्रेत सापडल्याची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते. अनोळखी इसम, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, तपास सुरू. चार ओळी. पाचवी ओळ आपण कधी मागितलेली नाही. रहस्यकथांच्या मराठी वाचकाशी माझे भांडण आहे ते इथे, आणि त्या भांडणापोटीच मी त्याला एक स्वीडिश कादंबरी वाचायला सांगणार आहे.

स्कँडिनेव्हियन रहस्यकथा म्हटले की आपल्याला स्टीग लार्सन आठवतो. २००५ साली आलेल्या त्याच्या कादंबरीचे मूळ नाव 'स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष' असे होते. इंग्रजीत येताना पुरुष गळाले आणि गोंदणवाली मुलगी उरली. बाजाराची नजर कुठे असते, ते यावरून कळावे. असो. मी शिफारस करतो आहे ती त्याच्या चाळीस वर्षे आधीची. माय श्योवाल आणि पेर वालो या जोडप्याची 'रोझअ‍ॅना' (१९६५).

जुलैतल्या एका दुपारी मोटाला गावाजवळ कालव्यातला गाळ काढणाऱ्या यंत्राच्या बादलीतून एका तरुणीचे प्रेत वर येते. पण तो गाळ काढायचा कोणी, खर्च कोणाच्या माथी, यासाठी कागद या कचेरीतून त्या कचेरीत कसे हिंडले, हेही लेखकद्वयी सुरुवातीलाच निवांतपणे सांगते. (आपल्याकडच्या वाचकाला इथे परके वाटण्याचे कारण नाही.) पुढे कित्येक आठवडे त्या मुलीला नावच नसते. मार्टिन बेक हा तपास अधिकारी सर्दीने आणि पोटाच्या तक्रारींनी त्रासलेला, संसारात न रमणारा मनुष्य आहे. त्याच्यापाशी चमत्कार नाहीत. सहलीच्या बोटीवरच्या प्रवाशांनी हौसेने काढलेली छायाचित्रे गोळा करून तो तिचे अखेरचे दिवस जुळवीत बसतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे: कादंबरी संथ आहे. आहेच. पण वेगाची ही सवय आपल्याला लागली कशी? हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांना मी कमी लेखत नाही. झुंजार आणि काळा पहाड यांनी कित्येकांना वाचनाची गोडी लावली, आणि आम्हा मराठीच्या प्राध्यापकांनी मात्र त्यांना अभ्यासक्रमाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, हे आमचेच करंटेपण. तरीही त्या परंपरेत प्रेत हे नायकाच्या चातुर्याला मिळालेले निमित्त असते. मेलेल्या माणसासाठी कोणी झुरत नाही. बेक झुरतो.

आता ताम्हिणीकडे पाहा. दरीत प्रेत दिसले तर पहिला प्रश्न हद्दीचा, पौडचे पोलीस ठाणे की खालचे माणगावचे. मग अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनाम्यासाठी पंचांची शोधाशोध, दोर बांधून खाली उतरणारी गावातली पोरे, बेपत्ता माणसांच्या याद्या चाळणारा हवालदार. जुलै २०२४ मध्ये इथे चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. तशा पाण्यात पुरावा किती वेळ टिकेल? आणि हेतू हवा असेल तर मुळशीच्या जमिनीइतका जुना हेतू कुठला? १९२१ साली सुरू झालेल्या सत्याग्रहात सेनापती बापट ज्या धरणाविरुद्ध उभे राहिले, ते टाटांचे धरण झालेच, गावे बुडाली. उरलेल्या डोंगरउतारांवर आज फार्महाऊसे आहेत. श्योवाल-वालो यांनी १९७५ पर्यंत लिहिलेल्या दहाही कादंबऱ्यांना 'एका गुन्ह्याची कहाणी' असे उपशीर्षक दिले. आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांना स्वीडनचे कल्याणकारी म्हणवणारे राज्यच उभे करायचे होते. आपल्या रहस्यकथेने सातबाऱ्यात डोकावून पाहिले असते तर तिला परदेशी कथानकांची उसनवारी करावी लागली नसती.

'रोझअ‍ॅना'ची अखेरची प्रकरणे मला पटत नाहीत. तिथे लेखकद्वयी थराराला शरण जाते. शिल्पाच्या दृष्टीने मालिकेतली चौथी, 'हसणारा पोलीस' (१९६८), अधिक घट्ट आहे आणि अमेरिकेतला एडगर पुरस्कारही तिलाच मिळाला. तरी सुरुवात पहिलीपासूनच करावी. इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. आरंभीच्या पानांत काहीच घडत नाही म्हणून ती मिटून ठेवू नका. तिथे त्या मुलीचे नाव शोधणे चालू आहे.