फिटनेस २०३४ पर्यंत

गेल्या शनिवारी सकाळी इथेच जोगेश्वरी पूर्वेला एक सेकंडहँड बाईक बघायला गेलो होतो. २०१९ ची १५० सीसी, अंधेरी आरटीओचा एमएच-०२ नंबर, मीटरवर १४,२०० किमी, किंमत ४८ हजार. माझं ऑफिस पवईला, म्हणजे रोजचा जेव्हीएलआर. बसला लटकून आणि रिक्षावाल्यांची मनधरणी करून कंटाळलो होतो. शिवाय आईला मागे बसवून दवाखान्यात नेता येईल, हाही हिशेब होताच.

आता आपण पडलो इंजिनियर! जायच्या आधी घरबसल्या सगळं तपासलं. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला. नोंदणी बरोबर, विमा चालू, पीयूसी चालू, कर्जाचा बोजा नाही. ई-चलानही थकलेलं नाही. आणि शेवटी एक सुंदर ओळ: फिटनेस २०३४ पर्यंत वैध. अजून काय पाहिजे?

सोबत आमच्या गल्लीतला गॅरेजवाला होता. त्याला मोबाईल दाखवला तर म्हणाला, "भाऊ, हा गाडीचा फिटनेस नाय. कागदाचा आहे."

जरा लागलं, पण खरं आहे. नवी खासगी दुचाकी घेतली की नोंदणी एकदम १५ वर्षांची मिळते. ती संपल्यावर नूतनीकरणाच्या वेळी आरटीओ गाडी तपासतं. मधल्या काळात नेमाने होणारी तपासणी एकच, पीयूसी. तीही धुरापुरती. ब्रेक, चेन, फोर्क यांच्याकडे कोणी बघत नाही.

मग त्याने बघितलं. आधी इंजिनला हात लावला. गरम! म्हणजे आम्ही यायच्या आधीच मालकाने चालू करून ठेवली होती. थंड इंजिन सुरू होताना जी कुरकुर करतं, जो निळसर धूर सोडतं (ऑइल जळत असेल तर), ते आता दिसणार नव्हतं. मग टायर. टायरवर ४ आकडे छापलेले असतात. १०२३ म्हणजे २०२३ सालचा १० वा आठवडा. २०१९ च्या, १४ हजार चाललेल्या गाडीचे दोन्ही टायर २०२३ चे? फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, चेन स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले. शेवटी सीट काढली. आत ऑइल बदलल्याचं जुनं स्टिकर. पुढचं ऑइल: ३१,००० किमी.

मालक म्हणाले, "ते दुसऱ्या गाडीचं असेल." असेल बुवा. आम्ही नमस्कार करून निघालो.

मला त्या माणसाचा राग नाही आला. मला राग आला तो या गोष्टीचा, की ३१ हजार हा आकडा सरकारकडे नव्हता, तो सीटखालच्या एका चिकटपट्टीवर होता. आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. ब्रेक शू कधी बदलायचे, चेन कधी, क्लच प्लेट कधी, हे सगळं आपण किलोमीटरवर ठरवतो. मीटर खोटं तर पुढचा सगळा हिशेब खोटा, आणि मागच्या सीटवर आई.

इंग्लंडमध्ये गाडीला ३ वर्षं झाली की दरवर्षी 'एमओटी' तपासणी सक्तीची आहे, मोटरसायकललाही. दर वेळी मीटरचा आकडा नोंदवतात. नंबरप्लेट टाकली की पास-नापास, काय दोष निघाले, किती चालली होती, सगळं कोणालाही फुकट दिसतं. मीटर मागे फिरवलं तर पुढच्याच नोंदीत उघडं पडतं.

आपल्याकडे लगेच तेवढं करा असं मी म्हणत नाही. पण बीएस-४ आणि बीएस-६ गाड्या वर्षातून एकदा पीयूसीला जातातच. नंबर टाकला जातो, माहिती 'वाहन'च्या डेटाबेसमध्ये जाते. तिथेच मीटरचा आकडाही भरायचा आणि अ‍ॅपवर दाखवायचा. डेटाबेसमध्ये फक्त एक रकाना वाढवायचा आहे हो! आम्ही असली कामं शुक्रवारी संध्याकाळी उरकतो. पीयूसीवाला आळस करेल, खोटा आकडाही टाकेल, मान्य. तरी पाच वर्षांचे पाच आकडे जुळवून खोटं बोलणं एका आकड्याइतकं सोपं नाही.

तोवर काय करायचं? मालकाला आधीच सांगा, गाडी थंड ठेवा. अ‍ॅप बघा, पण ते मालकी आणि बोज्यासाठी. चासी नंबर आरसीशी स्वतः जुळवा. सर्व्हिसची बिलं मागा, त्यावर किलोमीटर असतात. बिलं नसतील तर मालकाला घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि जुनी नोंद काढायला सांगा. तो यायला तयार नसेल, तर तेही एक उत्तरच आहे. आणि गॅरेजवाल्याला त्याच्या सकाळचे पैसे द्या. मी ५०० दिले. ४८ हजार वाचले.

असो. गाडी अजून मिळालेली नाही. सोमवारी पुन्हा बस.