लेबकूखन आणि ‘हेल्दी’ दालचिनी

डिसेंबर-जानेवारीत कोणी जर्मनीहून ऑनसाइट करून आलं की हापिसातल्या पँट्रीत लेबकूखनचा डबा उघडतो. आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "खा रे बिनधास्त, यात मैदा नसतो, बदाम नि मसालेच असतात. एकदम हेल्दी!" इथे माझं डोकं फिरतं.

न्युर्नबर्गच्या एलिझन लेबकूखनचे नियम कडक आहेत, मान्य. बदाम-हेझलनट-अक्रोड किमान 25 टक्के आणि पीठ जास्तीत जास्त 10 टक्के. पण मग उरलेल्यात काय असतं? साखर, मध, वरून परत आयसिंग किंवा चॉकलेट. 100 ग्रॅमला 400 च्या आसपास कॅलरीज. स्वित्झर्लंडच्या बासेलचं लेकर्ली घ्या: मध, बदाम, संत्र्या-लिंबाची पाकवलेली सालं, थोडी किर्श दारू, वर साखरेचा थर. चव अफलातून, पण मिठाई ती मिठाईच. मध म्हटला की आपल्याला लगेच आयुर्वेद आठवतो, कॅलरीज मात्र आठवत नाहीत.

खरी गंमत दालचिनीची. तिथे आणि आपल्याकडेही बाजारात स्वस्त मिळते ती बहुतेक कॅशिया, आणि तिच्यात कूमारिन भरपूर असतं. संवेदनशील लोकांच्या लिव्हरला ते त्रास देऊ शकतं. 2006 मध्ये जर्मनीच्या बीएफआर या सरकारी संस्थेने दालचिनीच्या बिस्किटांबद्दल सावध केलं आणि ऐन नाताळात तिथे चर्चा पेटली. आता युरोपात अशा सणाच्या बेकरी पदार्थांना किलोमागे 50 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. रोजची सुरक्षित मात्रा वजनाच्या किलोमागे 0.1 मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेला टेकलेलं बिस्किट 60 किलोच्या माणसाने रोज 120 ग्रॅम खाल्लं तर कोटा संपला. 15 किलोच्या पोराचा 30 ग्रॅममध्येच.

पण ही मात्रा आयुष्यभर रोज खाण्याची आहे. नाताळच्या आठवड्यात चार जास्त खाल्ले म्हणून काही बिघडत नाही, तेव्हा डबा माझ्याकडे सरकवा.

मला काळजी वाटते ती रोज सकाळी वजन कमी करायला कोमट पाण्यात चमचाभर दालचिनी पावडर ढवळणाऱ्यांची. बीएफआरच्याच हिशेबाने 60 किलोच्या माणसाला कॅशिया रोज 2 ग्रॅमपर्यंत ठीक. भरलेला चमचा त्याच्या पुढे सहज जातो. प्यायचंच असेल तर निदान अख्खी दालचिनी आणून बघा. सिलोनची साल पातळ, सिगारसारखी पदरावर पदर गुंडाळलेली असते. कॅशियाची जाड, एकपदरी. पावडरच्या पाकिटात काय दळलंय ते डोळ्यांना कळत नाही.